पाहुण्याची सेंच्युरी

मस्कतच्या शुक्रवारच्या क्रिकेटमध्ये मी अंपायर झालो तो अकलेमुळे नव्हे, माझी बॅटिंग अगदीच भिकार म्हणून. आमच्या लीगमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमनंच आपला एक माणूस अंपायर म्हणून उभा करायचा असे. आमच्या कंपनीच्या टीमनं मला कायमचाच खांब करून टाकला. मीही म्हटलं, उन्हात करपायचंच आहे तर निदान बोट तरी माझं.

ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. टीमला एक इंग्रज कोच मिळाला. अल् घुब्रात राहायचा, शाळेत पीटी शिकवायचा. पन्नाशी उलटलेली, एक गुडघा कुरकुरणारा, तरी आमच्याकडून खेळायचाही. पण तो अकरा वर्षं काउंटी खेळला होता, म्हणजे आपल्याकडच्या रणजीसारखंच, आणि एवढं कळल्यावर सगळ्या लीगची दातखीळ बसली.

काय सांगू! बोलर त्याला पंगतीत जिलबी वाढावी तसे फुलटॉस वाढायचे. फील्डर त्याचा चेंडू अडवायला लाजायचे. अंपायर, त्यात मीही आलो, तर मुके आणि आंधळे. पाहुण्याला उपाशी उठवायचं नाही, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक. दोन सीझनमध्ये त्याच्या तीन सेंच्युऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा केक कापला गेला. तो काही केक खायचा नाही. मला वाटायचं, डायबेटिस असेल.

एकदा मला हमरियात माझ्या खोलीवर सोडताना गाडीत त्यानं आपली सगळी कारकीर्द सांगितली. अकरा उन्हाळे सातव्या नंबरवर बॅटिंग, हिवाळ्यात लोकांची घरं रंगवायची. देशाकडून कधी बोलावणं आलं नाही, त्याचं त्याला काही नव्हतं. पण अकरा वर्षांत एकही सेंच्युरी नाही. एकदा सत्त्याण्णववर जोडीदारानं रनआउट केलं, ते सांगताना तो अजून दातओठ खात होता. मी म्हटलं, सर, इथं तीन झाल्या की! तर म्हणाला, त्या मी धरत नाही. मरायच्या आधी एक खरी करायची आहे. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि आमच्या लोकांचा, माझा धरून, रागही आला.

मग वर किनाऱ्यावरच्या सहम गावाच्या टीमशी मॅच झाली. सगळे रत्नागिरीकडचे दुकानदार. त्यांच्यात एक नवा बोलर होता, त्याला कोच कोण हे कुणी सांगितलंच नव्हतं. पठ्ठ्या जीव खाऊन टाकत होता, आणि त्याचं बघून बाकीच्यांनाही चेव आला. पण कोच असा खेळला म्हणता! प्रत्येक चेंडू बॅटच्या मधोमध. अठ्ठ्याण्णव झाले, सगळे खरे.

तेवढ्यात त्या नव्याचा एक चेंडू आत वळला आणि कोचच्या पॅडवर आदळला. बोलर ओरडला. बाकी मैदान चिडीचूप. बाउंड्रीवरून आमचा कॅप्टन, म्हणजे ऑफिसातला मॅनेजर, डोळे वटारून बघत होता. माझ्या रजेचा अर्ज त्याच्याच टेबलावर पडलेला. सोडावं का? पण सोडलं तर हीसुद्धा जिलबीच. मी बोट वर केलं.

कोच क्षणभर माझ्याकडं बघत राहिला, मग बॅट काखोटीला मारून निघून गेला. मॅनेजरनं एवढंच विचारलं, की मला यंदा गावी जायचंय ना.

इनिंग संपल्यावर मी चहाला गेलो. कोचनं आपली बॅट खुर्चीला टेकवून ठेवली होती. सकाळीच त्यानं तिच्या कडांना नवी पांढरी टेप लावलेली मी पाहिली होती. आता आतल्या कडेवर चेंडूचा लाल डाग होता. एकच. म्हणजे चेंडू आधी बॅटला लागला, मग पॅडला. नॉट आउट.

"सर, बॅटला लागला होता," मी म्हणालो.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं त्या डागावरून अंगठा फिरवला. दोन रन! मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"इथं आल्यापासून माझ्याविरुद्ध झालेली ही पहिली चूक आहे," तो म्हणाला. "आज मी क्रिकेट खेळलो."

सेंच्युरीसाठी आधीच मागवून ठेवलेला केक टेबलावर तसाच पडला होता. त्यानं सुरी घेऊन स्वतःच मोठा तुकडा कापला, अर्धा माझ्या बशीत टाकला आणि उरलेला उभ्याउभ्या खाल्ला.