गोळ्या देणाऱ्या नर्सबाई

पंच्याहत्तर सालच्या सुमारास मेडशीला एक नर्सबाई होत्या. घरात शिरायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. पाळणा लांबवायच्या गोळ्या मला त्यांनीच दिल्या होत्या. एका दुपारी माझी सुजलेली, तापलेली पिंढरी पाहून त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि मला तशीच एसटीनं अकोल्याला नेलं.

शिरेत रक्ताची गाठ झाली होती. गोळीतल्या इस्ट्रोजेननं काही बायकांचं रक्त असं गोठतं, डॉक्टर म्हणाले.

"म्याच देल्या होत्या तुले," बाई माझ्याजवळ बसून म्हणाल्या.

"तुमाले काय मालूम होतं, बाई?"

त्यांनी पांघरूण सारून माझी पिंढरी पुन्हा पाहिली.

मी बरी झाले. त्यानंतर गोळ्या मागणाऱ्या प्रत्येकीसमोर बाई जमिनीवर बसत आणि तिच्या पिंढऱ्या चाचपत. बायका लाजून पाय मागे घेत.

"लाजू नको, माय," त्या म्हणत, "मले पाहू दे."