रफीकभाईंची काम उघडणारी फाइल

एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे: रफीकभाईंचा आजार दोन वर्षे कोणाला कळला नाही, की कळू दिला गेला नाही?

रफीकभाई आमच्या अमरावतीच्या लहानशा सॉफ्टवेअर कचेरीतले सर्वांत जुने प्रोग्रामर. अकोल्याच्या जुन्या शहरातून रोज येत. शाळेतली नोकरी सोडून मी तेथे लागले, तेव्हा त्यांच्या समोरचे टेबल मला मिळाले आणि पहिला धडा त्यांनीच दिला. प्रकल्प उघडायचा म्हणजे फोल्डर, एडिटर, डेटाबेस, सर्व्हर आणि ब्राउझर, याच क्रमाने. ही सारी कामे एका आज्ञेत करणारी स्क्रिप्ट त्यांनी लिहिली होती. मला मात्र महिनाभर तिला हात लावू दिला नाही.

"बाई, आधी हातानं उघडाले शिका. सयपाक येत नाही अन् हाटेल टाकाले निघाल्या!"

काही अडले की मान वर न करताच विचारीत, "काहून, सर्व्हर रुसला का? डेटाबेस चालूच केला नसन तुमी."

मग कचेरीतले संगणक बदलले. नव्या संगणकावर त्यांची स्क्रिप्ट अजून आली नव्हती. अर्धा तास ते नुसते पडद्याकडे पाहत होते. मी जवळ गेले, तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, पयले काय उघडतेत?"

"परीक्षा घेऊन राहिले का, भाई?" मी हसून विचारले. ते हसले नाहीत.

मी जुन्या संगणकावरून स्क्रिप्ट आणून दिली. एक आज्ञा, आणि सारे उघडले; पडद्यावर उमटलेल्या ओळींकडे मी लक्ष दिले नाही.

"कोनाले सांगू नका. घरी बसवतीन मले."

मी सांगितले नाही. पुढे वर्षभर त्यांच्या चुका कोणाच्या नजरेस येण्याआधी दुरुस्त करीत राहिले आणि त्याला माया समजत राहिले.

एका संध्याकाळी अकोल्याला परतताना ते वाटेतल्या मूर्तिजापूरलाच गाडीतून उतरले. घर कोठे, हे त्यांना सांगता येईना. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, शबानाभाभींचा, इस्पितळातून फोन आला. "डाक्टर म्हणते, लवकर आनलं असतं तर काही दिवस हातात राह्यले असते. तुमच्या ऑफिसात कोनालेच दिसलं नाही का हो, बाई?"



त्यांचे टेबल आवरताना मी ती स्क्रिप्ट प्रथमच नीट वाचली. वरच्या ओळी नेटक्या. खाली, काम उघडताच पडद्यावर उमटतील अशा सूचना ते वाढवत गेले होते: 'हे काम कापसाच्या जिनिंगवाल्यांचं.' 'डबा खाल्ला का, पाहा.' आणि शेवटची: 'समोर बसतात त्या सुनंदाबाई. त्यायले माहीत आहे. त्यायले विचार.'

स्क्रिप्टच्या त्या फाइलमधील बदलांच्या नोंदी मी तपासल्या. पहिली सूचना संगणक बदलण्याच्या वर्षभर आधीची आहे. म्हणजे पहिले वर्ष कोणाला कळले नाही. दुसरे वर्ष मी कळू दिले नाही. आता रफीकभाई मला ओळखत नाहीत. भाभी माझा फोन उचलत नाहीत.

हे उत्तर माझ्यापुरते आहे. आपल्या शेजारी काम करणाऱ्याची अशी एखादी फाइल असेल, तर ती वाचा, त्याच्याशी बोला आणि तो बरा आहे ना, याची स्वतः खात्री करून घ्या, ही विनंती.