अण्णांनी सोडलेला चहा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच — त्यांना एक गोष्ट सांगितली की मधल्या सुट्टीपर्यंत ती तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचलेली असते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि मांजरांचं काहीतरी आहे म्हटलं की लोक जरा प्रेमाने ऐकतात, हेही मला ठाऊक आहे. तर मांजरांपासूनच सुरुवात करते.

मुलुंडच्या आमच्या घरात माणसं तीन आणि मांजरं तीन. मी, नंदू म्हणजे माझा नवरा, आणि त्याचे वडील अण्णा. मांजरांत सगळ्यात म्हातारी राणी — पांढरी, जाड, दिवसभर फ्रिजवर बसून आमच्याकडे नापसंतीने बघणारी. मग बंड्या, खालच्या मीटरच्या खोलीतून आणलेला, अंगाने पैलवान आणि स्वभावाने बिल्डिंगचा दादा. आणि शेवटची चिंगी. ती मला पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली, एक कान अर्धा तुटलेला. कुकरची शिट्टी झाली तरी कपाटाखाली जायची. ‘आता बास हं,’ असं नंदू राणीच्या वेळी म्हणाला होता आणि बंड्याच्या वेळीही. चिंगीच्या वेळी नुसता चपला घालून खाली फिरायला गेला.

चिंगीला या घरात एकच माणूस पसंत पडलं, ते म्हणजे अण्णा. अण्णा कुडाळकडचे. उभा जन्म भांडुपच्या एका कारखान्यात मशिनवर गेला, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे असतात. हॉलमधला दिवाण त्यांचा. चिंगी त्यांच्या पायांशी झोपायची, आणि ते तिला मालवणीत दिवसभराच्या बातम्या सांगायचे. कोण वारलं, लिफ्ट कधी बंद होती, मासे कसे महाग झालेत. ती अर्धा कान वळवून ऐकायची. मला दोघं फार आवडायची. अजून आवडतात — हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला ते खरं वाटेलच असं नाही.

तिघांना मिळून शू-शीचा ट्रे एकच होता. बाथरूमला जाणाऱ्या बोळात, वॉशिंग मशिनच्या बाजूला. मी हौसेने झाकणवाला आणला होता, छोट्या घरासारखा, पुढे झुलतं दार. वाळूही सुगंधी, लॅव्हेंडरची. मला वाटलं, झकास काम झालं. मांजरांना काय वाटलं ते विचारायचं राहून गेलं.

मग चिंगी बाहेर करायला लागली. आधी पायपुसण्यावर, मग इस्त्रीच्या कपड्यांवर, आणि एकदा नंदूच्या ऑफिसच्या बॅगेत. नंदूला सायनस आहे, त्याला वास म्हणून येत नाही. ती बॅग घेऊन तो साहेबांबरोबरच्या मीटिंगला गेला, एसी लावलेल्या बंद खोलीत. तिथे बाकी सगळ्यांना नाकं होती. घरी आला तो आरडाओरडा न करता. बूट काढले, पाणी प्यायला आणि म्हणाला, “वैशाली, पुढच्या वेळी तिन्ही जातील. बदलापूरला माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे. मी त्याच्याशी बोललोय.”

नंदू ओरडला असता तर मी घाबरले नसते. बोलून आलाय म्हटल्यावर माझं धाबं दणाणलं.

त्याच उन्हाळ्यात अण्णांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस लघवीवर ताबा राहणार नाही, मग होईल ठीक. आणि झालंही होतं. अण्णा पुन्हा संध्याकाळी खाली कट्ट्यावर जायला लागले होते. त्यांच्यासारखेच तीन-चार रिटायर्ड लोक, गेटबाहेरचा टपरीवाला चहा आणून द्यायचा, आणि मग जगातल्या सगळ्यांना अक्कल शिकवायची. त्याआधी घरी माझ्या हातचा एक कप, आलं ठेचून. मी शाळेतून येऊन साडी सोडायच्या आत ते विचारायचे, “टाकलंस मा गो?” दिवसाला दोन चहा संध्याकाळीच व्हायचे, आणि दोन्ही पहिल्यासारखे चवीने.

आता कसं सांगू — सांगतेच.

एक दिवस सकाळी दूध घ्यायला उठले तर अण्णा गॅलरीत. बादलीत चादर बुडवलेली, आणि ते वाकून ती चोळत होते. लेंगा एका बाजूने ओला. मला बघून ते सरळ उभेही राहिले नाहीत. “माका कळलाच नाय,” एवढंच म्हणाले, बादलीकडे बघत.

कळलं नाही, कारण कळण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं. मला दारातच वास आला होता. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना तो वास सांगावा लागत नाही, आणि नसेल त्यांना सांगून कळणार नाही. अण्णांचं नाक तपकिरीने केव्हाच मारून टाकलं होतं, नंदूचं सायनसने. आमच्या घरात नाक असं एकट्या माझंच होतं. आणि दिवाणाखाली चिंगी बसली होती, पाय चाटत.

मागून नंदू आला. त्याने बादली बघितली, वडिलांचा लेंगा बघितला, आणि इतक्या मऊ आवाजात बोलला की मी त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाला, “अण्णा, होतं असं. डॉक्टर म्हणालेच होते ना.”

मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं — अहो, हे तुमचं नाही, चिंगीचं आहे. किती वेळ लागतो त्याला? म्हातारा माणूस तिथल्या तिथे सरळ उभा राहिला असता. पण मग बदलापूर. माझ्या डोळ्यांसमोर चिंगी आली, बदलापूरच्या शेतात, त्या अर्ध्या कानासकट. आणि म्हणाले, “द्या इकडे, अण्णा. मी मशिनला लावते.”

त्यांनी चादर दिली. माझ्याकडे बघितलं नाही, पण डोक्यावर हात ठेवला. ओलाच.

पुढच्या आठवड्यात पुन्हा झालं. या वेळी अण्णांनी स्वतःच नंदूला मेणकापड आणायला सांगितलं. चादरीखाली ते घातलं, आणि कूस बदलली की ते कुरकुरायचं. आणि त्यांनी चहा सोडला. संध्याकाळचे दोन्ही. जेवणानंतर पाणीही घोटभरच. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. कट्ट्यावर गेलं की टपरीवाला आग्रह करतो, चहा नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागतं, म्हणून कट्टाही सुटला. ते गॅलरीत खुर्ची टाकून वरून आपल्या मित्रांना बघायचे. मी मागून स्वयंपाकघरातून त्यांना बघायची. हातात माझा कप असायचा.

नणंद सुलभा डोंबिवलीला असते. अण्णा दर दोन महिन्यांनी तिच्याकडे आठवडाभर जायचे, ती त्यांच्यासाठी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं करायची. तेही बंद झालं. कधी गुडघा दुखतो म्हणाले, कधी पोट ठीक नाही म्हणाले. सुलभाने मला फोन केला, रडत. “वहिनी, माझं काही चुकलं का गं? अण्णा माझ्यावर रागावलेत का?” मी म्हटलं, छे गं, वय झालंय आता. बघितलंत ना, किती सहज जमतं?

मी दुष्ट नाही, असं मला तोवर वाटायचं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र मी हात धुवून त्या ट्रेच्या मागे लागले. एका रविवारी पेपर घेऊन बोळाच्या तोंडाशी बसले. बंड्या बाथरूमच्या उंबऱ्यावर आडवा पसरला होता. चिंगी आली, बोळाच्या टोकाला थांबली. बंड्या गुरगुरला नाही, पंजा उगारला नाही. नुसता बघत राहिला. ती दोन मिनिटं बसली आणि मागे वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. शेवटी उडी मारून अण्णांच्या दिवाणावर गेली. जिथे तिला कुणी काही करत नाही अशी जागा घरात ती एकच होती. तिचं काय चुकलं?

मग मी सगळं केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. झाकण काढून भंगारात दिलं. लॅव्हेंडरची वाळू बंद, साधी बिनवासाची आणली. एकाचे तीन ट्रे केले. एक बोळात, एक गॅलरीत आणि एक दिवाणाच्या डोक्याशी, कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत, जिथून बंड्याला रस्ता अडवता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ उपसायचे. नंदूने विचारलं, तीन कशाला? मी म्हटलं, राणी म्हातारी झालीय, तिला लांब जाववत नाही. राणी फ्रिजवरून बघत होती. बिचारीवर तेही घातलं.

गादीचा वास काढायला फिनेल चालत नाही, त्याने मांजर उलट तिथेच परत येतं. मी व्हिनेगर आणि पाणी करून गुडघ्यावर बसून ती गादी पुसली, खायचा सोडा भुरभुरवला, उन्हात टाकली, पुन्हा पुसली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. त्यांना वाटत होतं की मी त्यांचं करतेय. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला दिसलं, आणि मी खाली मान घालून आणखी जोरात पुसायला लागले.

थांबलं सगळं. चिंगी फटीतल्या ट्रेत शहाण्यासारखी जायला लागली, गादी कोरडी राहिली. महिना गेल्यावर एके दिवशी अण्णा स्वयंपाकघरात आले, आवाज खाली करून म्हणाले, “चायचो गुण इलो गो. सोडलंय ता बरा केलंय.”

चहा सोडल्याचा गुण आला. तोपर्यंत अण्णांसमोर मी फक्त गप्प राहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी तोंडाने खोटं बोलले. म्हटलं, “हो ना, अण्णा. बरं केलंत.”

ही चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चहा त्यांनी पुन्हा घेतला नाही. एकदा मी भीत भीत म्हटलं, आता घ्यायला हरकत नाही, अर्धा कप. तर कानाला हात लावले. “नको, पुन्हा ती दशा नको,” म्हणाले. मेणकापड अजून आहे. कट्ट्यावरच्या लोकांतले दोघं गेले. दोघांच्याही वेळी अण्णा गॅलरीतूनच हात जोडून उभे होते.

गेल्या दिवाळीत सुलभा आली होती. तिने सहज विचारलं, अण्णा, आता तरी येता का चार दिवस? ते नाही म्हणाले. आणि मग तिच्या देखत, चिंगी मांडीवर, मला म्हणाले, “तू कोणाक सांगूक नाय. माझी लाज राखलंस. ह्यां मी इसारचंय नाय, गो.” सुलभाला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मी हसले. म्हटलं, त्यात काय, अण्णा.

तुम्ही म्हणाल, मांजरांसाठी केलंस. मीही बरेच दिवस तेच म्हणत होते. पण खरं सांगते, मांजरांना आता कसलीही भीती नाही. बदलापूरचं नाव नंदूच्या तोंडून कित्येक वर्षांत निघालेलं नाही. टीव्ही बघताना त्याच्या पोटावर बंड्या झोपतो, आणि बंड्या उठेपर्यंत नंदू रिमोटही उचलत नाही. आज रात्रीच्या जेवणाला मी ताटावर बसून सगळं सांगितलं तर एकही मांजर कुठे जाणार नाही. हे मला नक्की माहीत आहे.

मग का नाही सांगत? कारण अण्णा माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, तसं आजवर कुणी बघितलेलं नाही. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. सुलभा आली की तिची चौकशी करायच्या आधी ते माझं कौतुक सांगतात, शेजारी कुणी आलं की सांगतात — सून नाही, मुलगी आहे. ते सगळं मला हवं आहे. त्यांचा चहा, त्यांचा कट्टा, त्यांची लेक मोजून मी ते घेतलंय, आणि मला ते परत द्यायचं नाही.

एवढंच होतं. उद्या शाळेतून आले की मी आलं ठेचून चहा टाकीन. एकाच कपाचा.