मधली सीट

घनसावंगीच्या स्टँडवर कडूबाची जीप ओळखायला नंबर बघायची गरज नव्हती. पुढं दोन माणसं, मागं चार-पाच अन् मधली सीट रिकामी दिसली, की समजायचं कडूबाची गाडी. गाडी भरल्याबिगर हलायची नाही, ही इथली रीत. अन् कडूबाची गाडी काही भरायची नाही. त्याच्या मागून आलेल्या गाड्या भरून अंकुशनगरला जाऊन परत यायच्या, हा आपला स्टेअरिंगला टेकून बसलेला. "त्या सीटवर माणूस मेलाय," लोक हळूच सांगायचे. मेला, हे खरं. पण कसा मेला, हे विचारायला कुणाच्या बापाला सवड होती?

कडूबा मूळचा बोलका गडी. गाडी सुरू झाली की त्याचं तोंड सुरू. कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाच्या उसाला तोड मिळाली, सगळं त्याला ठावं. बायको चांगुणाबाई म्हणायची, "ह्यांची जीप डिझेलवर न्हाई, तोंडावर चालती." लोक मुद्दाम थांबून त्याच्याच गाडीत बसायचे.

तो दिवस उसाच्या हंगामातला. भरदुपारी जीप खच्चून भरून निघाली होती. वळणावर बघ्यांचा घोळका दिसला. मधोमध एक तरणा पोरगा पडलेला. उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल घासली अन् तो फेकला गेला. मांडीतून रक्ताची धार लागलेली. अन् भोवतीचे लोक? कुणी मोबाईल धरून उभं, कुणी हळहळत उभं, पण हात म्हणून कुणाचा पुढं येत नव्हता. "एकशे आठला फोन केलाय, येऊन राह्यली गाडी. पोलीस येईस्तोवर हात लावू नका, केस अंगावर येईल."

कडूबानं ब्रेक मारला. मधल्या सीटवर जगन्नाथराव बसले होते, तहसीलमधून रिटायर झालेले, कायद्याची चार अक्षरं जाणणारे. ते म्हणाले, "कडूबा, विकतचं दुखणं घेऊ नको. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"साहेब, गाडी येईस्तोवर ह्याचं रगत संपंल. तुम्ही फकस्त डोकं धरा, मी जीप पळवतो."

जगन्नाथरावांनी पिशवी उचलली अन् उतरले. ते उतरले तशी सगळी जीप खाली झाली. इतका जाणता माणूस उतरतो म्हणजे काहीतरी असंलच, नाही का! कडूबानं खांद्यावरचा गमछा काढून पोराच्या मांडीला आवळून बांधला, त्याला एकट्यानंच उचललं अन् मधल्या सीटवर आडवं केलं. डोकं धरायला कुणी नव्हतं. मग त्याच्याकडं एकच गोष्ट उरली, ती म्हणजे तोंड.

"नाव काय रं तुझं?"

"प्रेम."

"प्रेम, झोपू नको बाबा. गाव कोणतं? घरी कोण कोण हाय?" कडूबा बोलत राहिला. पोरगं आधी नीट बोललं, मग हुं-हुं करायला लागलं, मग तेही थांबलं. तरी कडूबा दवाखान्याच्या दारापर्यंत बोलतच होता.

डॉक्टरांनी मान हलवली, पोरगं वाटेतच गेलं होतं. हवालदार भला होता. म्हणाला, "जखमीला आणणाऱ्याला तरास द्यायचा न्हाई, असा कायदाय आता. नाव सांगायचं तर सांगा, न्हाईतर जा." कायदा शहाणा झाला होता, माणसं व्हायची राहिली होती. पोराचा मामा बद्रीनाथ धावत आला अन् त्यानं कडूबाची गचांडी धरली. "तूच उडवलं! न्हाईतर कशाला आणलं असतं रं तू?"

घ्या! मदत केली हाच पुरावा. पोलिसांनी ट्रॉलीवाला धरला, कडूबाचं नाव कागदावर आलंसुद्धा नाही. पण कुणीतरी काढलेला त्या गचांडीचा व्हिडिओ गावोगाव फिरला, अन् तेव्हापासून ती सीट रिकामी पडली.

स्टँडवरचे म्हणाले, "एक नारळ फोड, लिंबू-मिरची बांध, विषय मिटव." कडूबाचं म्हणणं वेगळंच. "माझ्या बापानं बाबासाहेबांचं नाव घेऊन हे सगळं सोडलं. अन् मी काय पाप केलंय म्हून नारळ फोडू?" खरं सांगायचं, तर नारळ फोडला असता तर लोक बसलेही असते. पण त्याला वाटायचं, त्या पोराला विटाळ म्हटल्यासारखं होईल. अन् घरी चांगुणाबाईपाशी तो एवढंच बोलला, "जीप विकून टाकू. अन् ह्याच्या पुढं रस्त्यात कुणीबी पडू दे, मी थांबणार न्हाई." असं बोलणारा तिचा नवरा नव्हता, अन् त्याचंच तिला रडू आलं.

गिऱ्हाईक ठरलं. जीप द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी एक बाई स्टँडवर कडूबाची जीप विचारत आली. "मी उषाबाई, प्रेमची माय," ती म्हणाली. कडूबाला वाटलं, ही पण गचांडी धरणार.

"बापू, कुठं निजवलं होतं त्याला?"

त्यानं मधली सीट दाखवली. ती चढली, सीटवरून हात फिरवला अन् तिथंच बसली. "काही बोल्ला का?"

"बोल्ला, मावशी. नाव सांगितलं. घरी कोण हाय विचारलं, तं म्हणला, माय वाट बघत असंल."

पदर तोंडाला लावून ती रडली. सगळं स्टँड जीपभोवती गोळा झालं होतं.

"डोकं कुणी धरलं होतं रं त्याचं?"

कडूबाला खोटं बोलता येईना. "कुणी न्हाई, मावशी. गाडीत मी एकटाच होतो."

उषाबाईनं डोळे पुसले अन् बाहेरच्या गर्दीकडं बघितलं. "एकजण जरी बसला असता, तं माझं लेकरू कुणाच्या तरी मांडीवर गेलं असतं. लई मोठं काम नव्हतं रं बाबांनो. नुसतं बसायचं होतं."

रिक्षांच्या पलीकडं जगन्नाथराव उभे होते. पिशवी सावरत ते जीपच्या दारापाशी आले.

"बाई, त्या दिवशी मी होतो ह्या गाडीत. ह्याच सीटवर. मी उतरलो."

उषाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग ती खिडकीकडं सरकली अन् तिनं त्यांना जागा दिली.