बरणी वाजवणारे काका

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. ‘‘अरे, काका गेले...’’ एवढंच त्या बोलल्या. त्याला आता महिना झाला.

नेपरव्हिलच्या मधुकाकांशी माझं रक्ताचं नातं नव्हतं. माझी नोकरी गेली, व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी मला बेसमेंटमधली खोली दिली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कुठेही गेलो की अंग चोरून बसायचो. पहिल्याच शनिवारी काका अरुंद तोंडाची चिनीमातीची बरणी घेऊन समोर बसले आणि ओठांनी फुरफुर करत तिच्यातून असा घुमणारा खर्ज काढला की मला हसूच फुटलं. ‘‘हस, हस. मीही हसलो होतो,’’ म्हणाले.

तरुणपणी ते मेम्फिस शहरात नोकरीला होते. गोदामातल्या एका वयस्कर कृष्णवर्णीय सहकाऱ्याने त्यांना हे शिकवलं. शंभर वर्षांपूर्वी तिथले गरीब कलाकार, मोठं वाद्य परवडत नाही म्हणून, दारूच्या रिकाम्या बरण्या फुंकून आपल्या ब्लूज गाण्यांना साथ करायचे. बरणीला ओठ लावायचे नसतात, बोटभर दूर धरायची. ‘‘आपण तांब्याला तोंड न लावता वरून पाणी पितो ना, तसं. म्हणजे माझं निम्मं शिक्षण आईनेच उरकलं होतं,’’ काका म्हणायचे.

पुढे मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रम समितीत गेलो. काकांनी गणेशोत्सवात पाच मिनिटं मागितली. लोक हसतील, मला खाली बघावं लागेल... या भीतीने मी ‘वेळ नाही’ असा ईमेल पाठवला. फोनही केला नाही. उत्सवाच्या दिवशी काका नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी हॉलवर येऊन खुर्च्या मांडत होते. ‘‘स्टेजवरची सतरंजी नीट कर रे, मुलं अडखळतील,’’ एवढंच म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. ‘‘काका, या वेळी पहिलं नाव तुमचं.’’ नाकाला ऑक्सिजनची नळी होती. श्वास जमवून म्हणाले, ‘‘उशीर केलास, गाढवा. आता चहासुद्धा फुंकता येत नाही.’’ आणि माझा चेहरा पाहून तेच माझी समजूत काढायला लागले.

परवा शनिवारी काकूंकडे गेलो. त्या पोहे करत होत्या. मध्येच त्यांनी एक्झॉस्ट फॅन बंद केला. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर कोंडला, तसं मी कारण विचारलं. त्यांनी पायाजवळची, बेसमेंटमधून गरम हवा वर येते ती हीटिंगची जाळी दाखवली. ‘‘शनिवारी ते खाली वाजवायला बसले की इथून वर ऐकू यायचं. फॅनच्या आवाजात बुडायचं, म्हणून मी बंद करायची... हात अजून जातो.’’

‘‘काकांना माहीत होतं?’’

‘‘नाही रे. वर कुणी ऐकतंय हे सांगितलं तर लाजून थांबतील, असं वाटायचं. मग राहूनच गेलं.’’

त्यांनी पोह्यांवर झाकण ठेवलं. फॅन मात्र लावला नाही.