यादी न वाचता दाबलेला वाय

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या शेतीच्या वाईट बातम्या रोज पेपरात यायच्या, आणि आमच्या अकोल्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेवर वरून सारखा दट्ट्या असायचा: पेरणीआधी अहवाल शेतकऱ्याच्या हातात पडलाच पाहिजे. सगळे अहवाल एकाच सर्व्हरवर होते आणि तो सांभाळणारी मी एकटी. अमरावतीहून रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी प्रिंटर अडला. त्याच्या नव्या प्रोग्रामच्या आड एक जुनं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक संच, येत होतं. ते काढायची कमांड मी दिली. त्याच्यासोबत आणखी काय काय निघेल याची लांबलचक यादी पडद्यावर आली, आणि खाली प्रश्न: पुढे जायचं का? हो असेल तर वाय. बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. मी यादी न वाचता वाय दाबलं. अहवालांचा डेटाबेस चालवणारा प्रोग्राम त्याच यादीत होता. ओळी सरसर वर गेल्या आणि एकही अहवाल उघडेना.

तो प्रोग्राम परत टाकायला गेले, तर तो दुसरं पॅकेज मागायचा, दुसरं तिसरं मागायचं, आणि तिसरं ज्या सीडीवर होतं ती सीडी आमच्या अमरावतीच्या ऑफिसात. इंटरनेट फोनच्या तारेवरचं, दर पाच मिनिटांनी तुटणारं. सर्व्हरच्या बिनखिडकीच्या खोलीत मी खुर्चीला खिळले. बाहेर जावं तर माणसं विचारणार, आत बसावं तर पडदा तेच तेच मागणार. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दोनदा डोकावलं. दोन्ही वेळा मी म्हणाले, "स्लो आहे, सर." प्रोग्रामसोबत इतक्या शेतांचे आकडेही गेले असतील, ही भीती मी कुणाला सांगितली नाही.

दुपारी काचेचं दार ढकलून एक वयस्क गृहस्थ आत आले. हिवरखेडचे टेलर होते, चार एकर वावरही होतं.

"बेटा, मी सकाळपासून बसून राहिलो. आज भेटते का नाई, तेवढं सांग."

का कोण जाणे, त्यांना मी खरं सांगितलं. "चाचा, माझ्या हातून चुकून सगळं निघालं."

ते शेजारच्या स्टुलावर टेकले. "माह्या हातून एकदा नवरदेवाची शेरवानी उलटी कापल्या गेली. लगन चार दिवसांवर."

"मग?"

"मंग काय. दिवसभर दुकानाचं शटर ओढून आत बसलो. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, सांगितलं. सांगितल्यावरच सुई हातात धरता आली."

मी उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. हा सर्व्हर ज्यांनी बसवला होता, ते माझे सीनियर अमरावतीला होते; त्यांना फोन लावला.

"यादी वाचली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"काहून?"

"बाहेर माणसं ताटकळली होती."

"बरं. आता काहीच टाइप नको करू. कंडक्टरजवळ सीडी देऊन राहिलो, स्टँडवरून घे. आन् घाबरू नको, प्रोग्राम निघाला म्हणजे डेटा गेला असं नसते."

चारच्या सुमारास सीडी हातात आली. एकेक पॅकेज टाकत, प्रत्येक ओळ वाचत शेवटी डेटाबेस सुरू केला. सगळे अहवाल जागेवर होते. मला एकदम रडू आलं. प्रिंटरही चालला, आणि पहिला कागद चाचांना दिला. जमिनीत जस्त कमी, एवढंच त्यांनी वाचून घेतलं आणि बस गाठायला निघाले.

साहेब रागावले नाहीत. पुढच्या महिन्यात माझी मुलगी पहिलीत गेली म्हणून मी अमरावतीला बदली मागितली, तर अर्ज माझ्यासमोरच परत ठेवला. "हे सर्व्हरचं काम तुमच्याशिवाय कोणाले जमत नाही, मॅडम. तुमाले कसं सोडू?" ते कौतुकानेच म्हणाले होते. मी त्या बिनखिडकीच्या खोलीत परत आले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तीन वर्षं मी तिथेच होते.