अकरा मीटरची दोरी

माझ्या धाकट्या भावाने एकतीस वर्षं फुटबॉलचं मैदान आखलं आणि त्या एकतीस वर्षांत एकही सामना बसून पाहिला नाही. त्याच्या निरोपसमारंभात मी हे बोलून दाखवलं, तेव्हा क्लबचे सचिव हसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्यांसाठी बोलले नव्हते. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

आम्ही दोघंच भावंडं. मला कॉलेजात घातलं, कारण मी वाद घालायचे. त्याला आठवीनंतर मैदानावर रोलर ओढायला लावलं, कारण तो घालायचा नाही. घरातली सगळी बुद्धी थोरलीकडे गेली, असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी जन्मभर गणित शिकवलं, पण नुसत्या डोळ्याने काटकोन मला आजही काढता येत नाही. त्याला येतो. तिशीच्या आसपास आखणी त्याच्याकडे आली, तेव्हापासून पहाटे दव असताना तो खुंट्या ठोकायचा, दोरी ताणायचा आणि चुन्याची फक्की सोडत उलटा चालत जायचा. रेघ संपेपर्यंत मागे वळून पाहायचा नाही. त्या फक्कीवरूनच त्याला सगळे फक्कीमामा म्हणतात. त्याचं खरं नाव सचिवांना माहीत नसावं. मानपत्रावरही ते चुकीचं छापलं होतं.

मोजमापाची त्याची दोरी सुताची, गाठी मारलेली. अकरा मीटरच्या गाठीला लाल दोरा, कारण गोलपासून पेनल्टीचा ठिपका तेवढा लांब. दरवर्षी खेळ सुरू व्हायच्या आधी तो कोठीत गुंडाळीच्या लोखंडी मोजपट्टीशेजारी दोरी ठेवून गाठी नव्याने मारायचा. "पट्टी लोखंडाची आहे, तिला काही होत नाही," म्हणायचा. "दोरीचं माणसासारखं. ताण पडला की वाढते, ताण गेला की आखडते. विचारत राहावं लागतं."

सामना चालू असताना त्याची जागा गोलच्या मागे, रोलरजवळ, उभ्याने. रेघ पुसली गेली तर मध्यंतरात धावायला तयार. तिथे लहान मुलांना मनाई. त्यामुळे त्याची नात मैदानावरच लहानाची मोठी झाली तरी सामना म्हणून तिने पाहिला नव्हता. ती पाच वर्षांची. तिचे आईवडील दोघंही सकाळच्या पाळीला जातात, म्हणून आजोबा उजाडताच तिला बरोबर न्यायचा. रेघेच्या कडेकडेने चालते, रेघेवर पाय म्हणून देत नाही, यावरून आम्ही तिला मुंगी म्हणतो.

"आजोबा, मॅच म्हणजे काय असतं?" तिने एकदा विचारलं होतं.

"बावीस जण येतात आणि माझ्या रेघा पुसतात."

"मग तुम्ही त्यांना येऊ का देता?"

तो म्हणाला, "मी रिटायर झालो की आपण दोघं खुर्चीत बसून बघू. मग तूच सांग येऊ द्यावं की नाही." ते तिने दोन वर्षं धरून ठेवलं. कुणी घरी आलं की सांगायची, आजोबा रिटायर होणार आहेत, मग आम्ही खुर्चीत बसणार आहोत.

निरोपाच्या दिवशी त्याची दोरी ताटात ठेवून नव्या माणसाच्या हाती द्यायची, ही कल्पना सचिवांची. फोटो चांगला येतो म्हणे. माझ्या भावजयीने ती दोरी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "वन्सं, ही बघा. गोठ्यातली वाटते." मीही म्हणाले, असली मळकट दोरी चार लोकांत ताटात ठेवू नका. आता खोटं कशाला बोलू? म्हणाले मी. तिने ती उकळत्या पाण्यात साबण घालून भिजवली, दोनदा खसाखसा धुतली, उन्हात वाळवली. भाऊ केस कापून येईपर्यंत दोरी पांढरीशुभ्र होऊन, रेशमी फीत बांधून ताटात बसली होती. त्याने तिला हात लावला नाही. समारंभ पार पडला. सचिवांनी माइकवरून जाहीर केलं की फक्कीमामांना पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या तहहयात. पुन्हा टाळ्या.

पहिल्या सामन्याला आम्ही तिघं गेलो. मी माझं तिकीट वेगळं काढलं होतं, कारण मला फुकटाचं काही चालत नाही. भावाने समारंभात मिळालेलं नवं जाकीट घातलं होतं. मुंगी वाटभर विचारत होती, खुर्चीला हात असतात का, पाय टेकतात का. तिच्यासाठी त्याने घरून उशी घेतली होती.

पहिल्या रांगेत 'राखीव' लिहिलेल्या दोन खुर्च्या होत्या. एकीवर सचिवांचे मेव्हणे बसले होते आणि दुसरीवर मेव्हण्यांची बॅग.

"या खुर्च्या यांच्या आहेत," मी म्हणाले.

मेव्हण्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव लगबगीने आले. "अहो, मामा घरचेच. घरच्या माणसाला कुठेही बसवता येतं. पाहुण्यांचं तसं नसतं."

"आणि बॅग? तीही पाहुणी का?"

"ताई," भाऊ म्हणाला, "चल."

आयुष्यभर तो मला हे एकच सांगत आला आहे. आम्हाला पार कोपऱ्यात, झेंड्याच्या काठीशेजारी बसवलं. समोर जाहिरातीचा फलक. निम्मं मैदान फलकाच्या मागे. दिसत होता तो फक्त आमच्या बाजूचा गोल, अगदी हाताच्या अंतरावर. मुंगीला त्याचं काही नव्हतं. खुर्चीला हात होते. ती उशीवर बसून दोन्ही हातांवर कोपरं टेकवून घेत होती, जशी काही तीच सचिव.

तेवढ्यात ती म्हणाली, "आजोबा, ठिपका गोलातून बाहेर आलाय."

पेनल्टीच्या ठिपक्यापाशी टाचा मारून मारून गवत उडतं. जाण्याआधीचं शेवटचं काम म्हणून भावाने दोन्हीकडची ती जागा खणून नवं गवत लावलं होतं, परातीएवढा गोल. तिथला हिरवा रंग अजून वेगळा दिसत होता. पांढरा ठिपका त्या गोलाच्या मधोमध हवा. तो गोलाच्या बाहेर, गोलकीपरच्या बाजूला सरकला होता.

भाऊ खुर्चीतून पुढे वाकला. "दीड फूट," म्हणाला. "दीडहून थोडं जास्तच."

तो कठड्यापाशी गेला. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक स्वयंसेवक उभा होता. "आजोबा, आत जाता येणार नाही. फक्त खेळाडू आणि मैदानावरची माणसं."

"मैदानावरचं माणूस कोण, ते तू याला शिकवतोस?" मी विचारलं. त्याने सचिवांना बोलावलं. सचिवांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात काढून फेकावासा वाटला.

"मामा, आता तुम्ही प्रेक्षक. प्रेक्षकासारखं बसा. डोक्याला ताप कशाला? नातीला मॅच बघू द्या."

शिट्टी वाजली. मुंगी ज्याचा पाय रेघेवर पडेल त्याची तक्रार करत होती आणि दहा मिनिटांत तिच्या तक्रारी संपता संपेनात. अर्ध्या तासाने आमच्याच संघाला पेनल्टी मिळाली, ती नेमकी आमच्या समोरच्या गोलवर. खेळाडूने चेंडू त्या सरकलेल्या ठिपक्यावर ठेवला आणि मारला. गोल. सगळा स्टँड उठून उभा राहिला. मेव्हणे बॅग घेऊन नाचले. भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला.

"आपला गोल झाला ना?" मुंगीने विचारलं. "मग तुम्ही का नाही उठलात?"

"जवळून मारला."

मी त्याला हळूच म्हणाले, "आता गप्प बस. पोरीची पहिली मॅच आहे. बोललास तर हाकलून देतील आणि ती रडत घरी येईल."

"पहिली आहे म्हणूनच," तो म्हणाला. "चूक तिनेच दाखवली. आता मी बसून राहिलो तर ती काय शिकेल?"

मध्यंतराची शिट्टी झाली आणि साठीचा माणूस नव्या जाकिटानिशी कठड्यावरून पाय टाकून पलीकडे गेला. मुंगी खालून सरपटली. मी दारातून, स्वयंसेवकाशी भांडून गेले. मी पोचले तेव्हा ठिपक्याशी रेफ्री, सचिव आणि मैदान आखणारा नवा माणूस उभे होते.

सचिव हलक्या आवाजात सांगत होते, "एका गोलने पुढे आहोत, मामा. कुणाला कळलंय? दुसरा संघ तक्रार करील, सगळा खेळखंडोबा होईल."

"मोजा," भाऊ रेफ्रीला म्हणाला.

नव्या माणसाने कोठीतून लोखंडी पट्टी आणली. दहा मीटर त्रेचाळीस. तो चाळिशीचा सज्जन माणूस, त्याचा चेहरा पडला. "मामा, बाकीच्या रेघा जुन्यांवरूनच मारल्या. ठिपक्यापाशी नवं गवत होतं, काहीच खूण दिसेना, म्हणून तुमचीच दोरी धरली. लाल गाठीपर्यंत. मी पट्टी लावणार होतो, पण सचिवसाहेब म्हणाले, एकतीस वर्षांची दोरी आणि तिच्यावर तू पट्टी लावतोस?"

त्याने दोरी पुढे केली. भावाने ती दोन बोटांत चोळली आणि नाकाशी नेली. साबणाचा वास मलाही आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. उकळतं पाणी, साबण, ऊन, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. एकतीस वर्षं ताणलेली दोरी दोन धुण्यांत आखडली होती.

"दोरी माझी आहे," तो रेफ्रीला म्हणाला. "चूक माझी."

"ऐकलंत ना?" सचिव एकदम मोठ्याने बोलायला लागले. "चूक यांची. क्लबचा संबंध नाही."

मी तोंड उघडलं. "ताई," भाऊ म्हणाला, आणि मी मिटलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

रेफ्री सरळ माणूस निघाला. म्हणाला, झालेला गोल झाला, ते मी अहवालात लिहीन. पण दोन्ही ठिपके आत्ता नीट झाल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही. मग एकतीस वर्षं जे पहाटे कुणी पाहिलं नव्हतं ते भरदुपारी भरल्या स्टँडसमोर झालं. नव्या माणसाने जुना ठिपका खरवडला, भावाने जाकिटाच्या बाह्या सारल्या. पट्टीचं शून्याचं टोक मुंगीने गोलच्या रेघेवर धरलं, रेघेच्या अलीकडे उकिडवी बसून. वरून कुणीतरी ओरडलं, "मामा, रिटायर झालात ना?" त्याने मान वर न करता हात हलवला. हिरव्या गोलाच्या बरोबर मधे फक्की पडली. तिथून तिघं पळत दुसऱ्या गोलकडे गेली.

आम्ही परत आलो तर स्वयंसेवक आडवा. आम्हाला आत घ्यायचं नाही, असा सचिवांचा निरोप. उशी त्याने बाहेर आणून ठेवली होती. मुंगीने ती उचलली आणि तिचा ओठ वाकला. मी सचिवांना शोधायला निघालेच होते, पण नवा माणूस मधे पडला.

"मैदान आता माझ्या ताब्यात आहे," तो स्वयंसेवकाला म्हणाला. "रोलरजवळ कोण बसेल ते मी ठरवतो. मामा, या." त्याने रोलरवर रिकामं पोतं अंथरलं, त्यावर मुंगीची उशी ठेवली. आणि तो स्वतः उभा राहिला, जिथे भाऊ उभा राहायचा तिथे.

दुसरा अर्धा आम्ही गोलच्या मागून पाहिला. फलक नव्हता. सगळं मैदान समोर होतं.

"आजोबा, ही खुर्ची नाहीये," मुंगी म्हणाली.

"नाहीये."

"पण आपण बसलोय."

"बसलोय."

थोड्या वेळाने तिने विचारलं, दोरी लहान का झाली. तो म्हणाला, गरम पाण्याने आंघोळ घातली की सूत आखडतं. तिला ते पटलं. सामना बरोबरीत सुटला. सचिवांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. मला बघायला मिळालं नाही, एवढीच माझी त्या दिवसाबद्दलची हळहळ.

"मग? त्या बावीस जणांना येऊ द्यायचं का?" घरी येताना त्याने विचारलं.

"येऊ दे," मुंगी म्हणाली. "पण आधी मोजायचं."

दारात भावजय उभी. "अहो, दोरी दिसली का? राहिली ना पांढरी?"

"स्वच्छ होती," भाऊ म्हणाला आणि फक्कीने भरलेलं जाकीट खुंटीला लावायला वळला.

"आजी, पण ती आंघोळीने आखूड झाली," मुंगीने सांगितलं. "ठिपका चुकला. मग आजोबा म्हणाले चूक माझी. मग त्या काकांनी आम्हाला खुर्चीत बसू दिलं नाही."

मला वाटलं आता भावजय रडते. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग तिचा आवाज चढला. "एवढी माणसं तिथे. सचिव काय, रेफ्री काय, तो नवा माणूस काय. एकालाही धुतलेली दोरी मोजून बघावीशी वाटली नाही? मी पडदे धुतले तरी टांगायच्या आधी उंची बघते."

हे वाक्य मी क्लबला लिहिलेल्या पत्रात जसंच्या तसं घातलं आहे. खाली दोन खुर्च्यांचं विचारलं आहे, आणि बॅगेचंही. पत्र रजिस्टर्ड होतं, सचिवांच्या सहीची पोचपावती माझ्याकडे आहे. उत्तर नाही. दुसरं पत्र आज टाकते.